काचेला तांबडं दिसत नसे

संपादकांनी मला फोटोच्या धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले आहेत. आनंदाने लिहितो. पण आधीच कबूल केलेलं बरं, की मी जन्मात एकही फोटो काढलेला नाही. फोटो काढत ते आमचे मालक, बळवंतराव. काळ्या कापडात डोकं खुपसणं, गिऱ्हाइकाला "हलू नका" म्हणून दरडावणं, हा सगळा मान त्यांचा. मी मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी बसत असे आणि देवाने व बळवंतरावांनी मिळून जे काही बिघडवून ठेवलं असेल ते दुरुस्त करत असे. ठाण्याला तलावपाळीवर आमचं दुकान होतं. वीस-बावीस वर्षं मी त्या खिडकीपाशी काढली. ठाणे, कळवा, कल्याण इथल्या निम्म्या प्रतिष्ठित मंडळींच्या सुरकुत्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. अजूनही त्यांच्यापैकी कुणी रस्त्यात भेटलं की मला आधी त्यांचा फोटो आठवतो, आणि मग समोरचा माणूस बघून जरा वाईट वाटतं.

मी मूळचा चितारी. घरचा धंदा गणपती रंगवण्याचा. श्रावणात जेवायला सवड नाही आणि दसऱ्यानंतर करायला काम नाही, अशी आमची तऱ्हा. एकदा बळवंतराव आमच्या कारखान्यात आले. मी एका मूर्तीच्या डोळ्यात बाहुली भरत होतो. ते बराच वेळ मागे उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "काय रे, तुला गव्हाच्या दाण्याएवढं कुंकू काढता येईल का?"

"मोहरीएवढं सांगा," मी म्हणालो. तेव्हा मी पंचविशीत होतो आणि असंच बोलत असे.

फोटोवाल्याला कुंकू कशाला लागतं, हे आजच्या वाचकाला समजावून सांगायला हवं. फोटो आधी काचेवर उठतो आणि काचेवरून कागदावर छापला जातो. त्या वेळच्या काचेला जो मसाला लावलेला असे, त्याला पांढरं दिसे, निळं दिसे, पण तांबडं म्हणून काही असतं याचा त्याला पत्ताच नसे. जिथे तांबडं, तिथे कागदावर काळं. म्हणून तर काच धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही तांबड्या काचेचा कंदील लावून खुशाल वावरत असू. काचेला तो दिसतच नव्हता. पण त्यामुळे व्हायचं असं, की ठाण्यातल्या प्रत्येक सवाष्णीचं कुंकू फोटोत काळंकुट्ट येई. बळवंतरावांनी दुकान उघडलं त्या पहिल्याच महिन्यात एका घरची सासू फोटो नाचवत भर बाजारातून आली आणि दारातूनच ओरडली, "माझ्या सुनेच्या कपाळाला बुक्का कुणी फासला? मुलगा माझा धडधाकट आहे!" त्या दिवसापासून मालक चिताऱ्याच्या शोधात होते.

तर माझं पहिलं काम हे. छापलेल्या कागदावर बारीक कुंचल्याने काळ्या ठिपक्याचं तांबडं कुंकू करायचं. या कागदाबद्दलही एक गोष्ट सांगून टाकतो. त्याला चकाकी यावी म्हणून अंड्यातलं पांढरं लावलेलं असे. हे आम्ही गिऱ्हाइकाला कधी म्हणजे कधी सांगितलं नाही. कितीतरी सोवळ्यातले आजोबा या जिल्ह्यात त्या अंड्यावर छापलेले देवघराशेजारी टांगलेले आहेत. आता कागद बदलला, आजोबाही गेले, म्हणून सांगायला हरकत नाही.

पुढे बळवंतरावांनी मला खुद्द काचेवर हात चालवायला शिकवलं. काचेवर सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे, गोरा गाल काळा. सुरकुती म्हणजे काचेवरची एक स्वच्छ रेघ. तिच्यात टोकदार शिसपेन्सिलीने हलके हलके ठिपके भरत गेलं की कागदावर सुरकुती नाहीशी. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मुरुमं, सगळ्याला हेच औषध. आणि माणूसच्या माणूस काढून टाकायचा असला तर चाकू. काचेवरचा मसाला खरवडला की कागदावर तिथे अंधार येतो. मग त्या अंधारात पडदा, खांब, हवं ते रंगवायचं. यात फरक एवढाच, की पेन्सिल टर्पेंटाइनने पुसता येते. चाकूने काढलेला माणूस ब्रह्मदेवाच्या बापालाही परत आणता येत नाही.

चाकू मी फार थोडा वापरला. एकदा कचेरीच्या फोटोतून एक बडतर्फ कारकून काढायला लावला, त्याच्या जागी मी फुलझाडाची कुंडी रंगवली. काम इतकं छान झालं की मीच माझ्यावर खूश होतो. वर्षभराने तो कारकून अपिलात सुटला आणि परत त्याच कचेरीत, त्याच फोटोखाली येऊन बसला. त्याची बसण्याची जागा अशी, की मान वर केली की कुंडी. मी दिसलो की रस्ता ओलांडून येई आणि विचारी, "काय चितारी, आम्हाला पाणी घालायला आलात का?"

कुंकू भरता भरता बायका दागिन्यांवर आल्या, हे ओघानेच आलं. "कुंकू लावताच आहात तर एवढी नथ जरा मोठी करा." नथ मोठी केली की हात मोकळे दिसू लागत. मग पाटल्या. कळव्याच्या एक बाई होत्या. नवरा कचेरीत लेखनिक, स्वभावाने दोघंही गरीब. बाईंनी माझ्याकडून गळ्यात एक ठुशी काढून घेतली. खरी घडवायला जमत नाही तर निदान फोटोत तरी असावी, एवढाच साधा विचार. मी आपला जीव ओतून एकेक मणी काढला. तो फोटो धाकट्या जावेने बघितला आणि घरात आग लागली. "सासूबाईंची ठुशी हरवली हरवली म्हणता, ती ही बघा कुणाच्या गळ्यात!" दोन्ही भाऊ बोलेनासे झाले, पंच बसले, आणि साक्षीदार म्हणून मला खाडीपलीकडे नेलं. मी शपथेवर सांगितलं की ठुशी माझी आहे. त्याने भलताच घोटाळा झाला. शेवटी ओला कापूस मागवला आणि सगळ्यांच्या देखत फोटोतली ठुशी पुसून दाखवली. बाईंचा मोकळा गळा बघून धाकटी जाऊ ढसाढसा रडली आणि दोघींचं जुळलं. पुढे ऐकलं, की धाकटीने आपल्या गळ्यातलं सोन्याचं पुतळीपान मोडून थोरलीला काहीतरी करून दिलं. म्हणजे माझ्या खोट्या दागिन्याच्या पोटी एक खरा जन्माला आला.

दुसरं गिऱ्हाईक कोलशेतचं. मिठागरावरचा मोठा माणूस, आगरी, उभा जन्म उन्हात आणि मिठात गेलेला. चेहरा सुकल्या खाचरासारखा भेगाळलेला. मला वाटलं, एवढा खर्च करून फोटो काढतोय, तर आपणही हात राखू नये. तीन दिवस बसून मी त्याची एकूण एक भेग बुजवली, रंगही चांगला दोन हात उजळ केला. फोटो न्यायला तो बायकोला घेऊन आला. बराच वेळ बघत राहिला. मग मला विचारतो, "यो कोन बसवलास माजे जाग्याला?"

"तुम्हीच की, पाटील."

"मी? जल्म गेला माजा मिठागरान. यो त मामलेदाराचा जावय दिसतंय!"

त्याची बायको फोटो हातातून सोडायला तयार नव्हती. "मना त आवरला," ती म्हणाली. "याला मी घरा नेतंय. तू ऱ्हा हितंच."

मी हसलो, मालक हसले, तो मात्र हसला नाही. म्हणाला, "उद्या मी मेलू त पोरा यालाच बा म्हनतील." मी मुकाट्याने काच काढली, टर्पेंटाइनचा बोळा फिरवला आणि तीन दिवसांचं काम एका मिनिटात पुसून टाकलं. सगळ्या भेगा परत आल्या. तो खूश होऊन गेला. उजळ फोटो मात्र बायकोने पदराखालून नेला, हे मी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. आजही मला ठरवता येत नाही की त्या दोघांपैकी शहाणं कोण.

आता कल्याणची गोष्ट. ती लिहायची नाही असं बरीच वर्षं ठरवलं होतं, कारण तीत चूक सर्वस्वी माझी आहे.

कल्याणला पारनाक्याच्या बाजूला एक जुनं ब्राह्मण घराणं होतं. घरातल्या म्हाताऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांना एक्याऐंशीवं लागलं होतं, सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ झाला, आणि त्यानिमित्त सगळ्या कुटुंबाचा एक फोटो काढायचं ठरलं. आप्पांना मोतीबिंदूमुळे जवळजवळ काही दिसत नव्हतं, पण फोटोची हौस सगळ्यांत जास्त त्यांनाच. थोरले चिरंजीव विष्णुपंत तिथल्या कोर्टात वकील. फोटोच्या दिवशी मी तापाने आडवा, त्यामुळे बळवंतराव एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी छापलेला कागद माझ्यासमोर टाकून म्हणाले, "बायकांची कुंकवं भर आणि रविवारी नेऊन दे." आमचे मालक एवढंच बोलत.

मी बसलो. बारा माणसं होती, त्यांत बायका पाच. चौघी पुढे ऐसपैस बसलेल्या, कपाळांवर ठसठशीत काळे ठिपके. ते तांबडे केले. पाचवी आप्पांच्या खुर्चीमागे उभी होती. अंगावर सवाष्णी हौसेने नेसतात ती काळी चंद्रकळा, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला आणि दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला. कपाळ कोरं. मला वाटलं, सासऱ्यासमोर सुनेने पदर घेतला आणि त्याच्या सावलीत कुंकू हरवलं. असं कधी कधी होत असे. मी तिला कुंकू लावलं. आणि बाई मागे उभी आहे, उठून दिसायला हवी, म्हणून इतर चौघींपेक्षा जरा मोठंच लावलं.

जो माणूस रोज उठून काळ्याचं तांबडं करतो, त्याला काळं दिसणारं लुगडं मुळात तांबडं असेल, हे सुचू नये! पण नाही सुचलं. उलट चंद्रकळेवर कुंकू काय खुलून दिसतंय म्हणून मी फोटो खिडकीत धरून दोनदा बघितला.

रविवारी आगगाडीने कल्याणला गेलो. फोटो पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून, काच दुसऱ्या पेटीत कापसात घालून बरोबर नेली होती. कारण काचही आपल्याला हवी असं विष्णुपंतांनी मालकांना बजावलं होतं. रंगाची डबीही खिशात होती. कुणाची नथ राहिली, कुणाचा शेला फिका झाला, अशा तक्रारी जागच्या जागी मिटवायची मला सवय होती. ओसरीवर सगळं घर गोळा झालं. आप्पा तक्क्याला टेकून बसले होते.

"वाच रे विष्णू," ते म्हणाले. "डावीकडून वाच. एकेक नाव घे."

विष्णुपंतांनी फोटो हातात धरला आणि वर्तमानपत्र वाचावं तसं वाचायला लागले. "डावीकडे आपला गोविंदा. त्याच्या शेजारी त्याची मंडळी. मग मी. मध्ये तुम्ही, पगडी घालून. तुमच्या मागे..."

आणि थांबले. फोटो डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या मागून डोकावणाऱ्या धाकट्या सुनेने "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. विष्णुपंत उठले, मला दंडाला धरून ओसरीच्या टोकाला घेऊन गेले.

"हे कपाळावर काय केलंत?" ते दबक्या आवाजात म्हणाले.

"कुंकू. राहिलं होतं..."

"राहिलं नव्हतं! त्या आमच्या भगिनी. वयाच्या तेराव्या वर्षापासून सोवळ्या आहेत."

केशवपन केलेली विधवा, तिला नेसावं लागणारं ते तांबडं आलवण मी चंद्रकळा समजलो होतो आणि वर कुंकू लावून मोकळा झालो होतो. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता पुसून देतो, रंग ओल्या कापसाने निघतो.

"पुसून काय होणार? लुगडं बघा. वकिलाने बहिणीला चंद्रकळा नेसवून फोटोत उभी केली, असं गाव बोलेल. मी त्या दिवशीच नको म्हणत होतो, पण आप्पा हटून बसले, अंबू आल्याशिवाय मी खुर्चीत बसणार नाही म्हणाले. काच आणलीये ना? तिच्यावरून काढून टाका. मागे नुसती भिंत दाखवा."

"साहेब, खरवडलं की परत आणता यायचं नाही."

"परत आणायचंच नाहीये."

विष्णुपंत वाईट माणूस नव्हते, हे मला इथे लिहायलाच हवं. ही थोरली बहीण नवरा गेल्यावर माहेरी आली, दोन वर्षांत आईही गेली, आणि या भावंडांना तिनेच वाढवलं. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. पण त्या क्षणी ते गावाला भ्यायले होते आणि मी त्यांना भ्यायलो होतो. मी पेटीची दोरी सोडायला घेतली.

तेवढ्यात अंबूताई आतून बाहेर आल्या. माझ्यासाठी गूळपाणी घेऊन आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, डोक्यावरून ते तांबडं आलवण. इतकं तांबडं कापड मी जन्मात पाहिलं नव्हतं असं मला वाटलं. तांब्या खाली ठेवून त्यांनी हात पुसले, फोटो उचलला आणि उजेडाकडे धरला.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "आईचा फोटो कधी काढला होता?"

आई जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. तेव्हा कल्याणात फोटो ही चीज कुणाला माहीत नव्हती. विष्णुपंतांची पत्नी हळूच म्हणाली, "वन्सं, त्या तुम्ही आहात."

अंबूताईंनी फोटो बघत बघत एक हात स्वतःच्या गालाला लावला. मग माझ्या लक्षात आलं. सोवळ्या बाईने आरशात बघायचं नसतं. तेरा वर्षांची असताना या बाईने आपला चेहरा शेवटचा नीट बघितला होता.

विष्णुपंत मागून येऊन उभे राहिले. त्यांनीही वाकून बघितलं, आता जरा वेगळ्या नजरेने, आणि त्यांचा आवाजच बदलला. "खरंच की. आईच आहे ही. तेच नाक, तीच हनुवटी." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "चितारी, काही काढू नका, काही पुसू नका. असाच राहू दे. आप्पांच्या मागे आई उभी आहे! लोकांनाही तेच सांगू."

ओसरीवर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सुनांनी डोळ्यांना पदर लावले. सोवळी बाई फोटोत नाही, सासूबाई फोटोत आल्या, आणि कुणाला काही करावं लागलं नाही. माझ्याइतकं सुटल्यासारखं तर कुणालाच वाटलं नसेल. मी मान खाली घालून कौतुक करून घ्यायच्या तयारीत उभा राहिलो. आपल्या गाढवपणाचं पुण्य झालं म्हणून मनातल्या मनात गणपतीला नारळही बोललो.

आप्पांना मात्र काहीच कळलं नव्हतं. "अरे वाचता वाचता कुठे गेलास?" ते म्हणाले. "माझ्या मागे कोण?"

"तुमच्या मागे..." विष्णुपंत जरा अडखळले. "तुमच्या मागे आई आहे, आप्पा."

म्हाताऱ्याने मान मागे वळवली. मग म्हणाला, "ती कशी येईल? आणि मग अंबू कुठे गेली? तिला मी उभी केली होती. तिचं काय झालं?"

सगळे अंबूताईंकडे बघू लागले. त्या अजून फोटोच बघत होत्या. मग मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "हे कुंकू निघतं का रे?"

"निघतं."

"काढ."

"ताई, अगं पण..." विष्णुपंत म्हणाले.

"विष्णू, आई गेली. तिच्या डोळ्यांवर शेवटचा हात मी ठेवला. तिला कशाला परत उभी करता? मी अजून आहे. या घरात एक फोटो निघाला, त्यात आप्पांनी मला बोलावून घेतलं, तर मला तिथे मीच असायला हवी."

त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. पण विष्णुपंतांसारख्या वकिलानेच पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मी कापूस भिजवला. ठुशी पुसताना मला मजा वाटली होती. इथे एवढंसं कुंकू, पण ते पुसताना मला बाईच्या तोंडाकडे बघवेना. या धंद्यात मी लोकांना पुष्कळ काही दिलं, केस दिले, दात दिले, दागिने दिले. एखाद्याने न मागितलेलं आपण दिलं तर ते परत घेताना किती जड जातं, हे मला त्या दिवशी कळलं. मी पुटपुटलो, "चुकलो, ताई."

"चुकलास," त्या म्हणाल्या. "पण निगुतीने लावलं होतंस हो."

कपाळ कोरं झालं. विष्णुपंत म्हणाले, "बरं, निदान लुगड्याला तरी तांबडा रंग भरून द्या."

मी डबी उघडली, कुंचला ओला केला. अंबूताईंनी विचारलं, "थांब. माझं आलवण काळं का आलंय?"

मी सांगितलं, की या काचेला तांबडं दिसत नाही. कितीही तांबडं असो, तिच्या लेखी ते काळंच.

"म्हणजे तिला माझं आलवण दिसलंच नाही?"

"नाही दिसलं."

"कुंकू तू लावलंस. ही चंद्रकळा कुणी नेसवली?"

"कुणीच नाही, ताई. ती काचेनेच तशी घेतली."

अंबूताई हसल्या. त्या घरात मी तास-दीड तास होतो, तेवढ्यात त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि अगदी मोठ्याने हसल्या. "मग राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यात कुणाचा हात नाही. मिट तुझी डबी."

"ताई, लोक विचारतील," विष्णुपंत म्हणाले.

"विचारलं तर यंत्राचा दोष म्हणून सांग. वकील ना तू?"

यावर त्यांची पत्नी फिसकन हसली, मग गोविंदा हसला, आणि शेवटी विष्णुपंतांनाही हसू आवरेना. मी डबीचं झाकण लावलं आणि काचेच्या पेटीची दोरी पुन्हा घट्ट बांधून ती त्यांच्या हातात दिली. ती काच खरवडली असती तर मी पुढे धंदा करू शकलो नसतो असं मला वाटतं. निदान जेवण तरी गोड लागलं नसतं.

अंबूताई आप्पांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनीच पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. "डावीकडे गोविंदा, आप्पा. मग त्याची बायको, हसू दाबून बसलीये. मग विष्णू, उगाच कपाळाला आठ्या. मध्ये तुम्ही. आणि तुमच्या खुर्चीवर हात ठेवून मी उभी आहे."

"तू आहेस ना?"

"आहे की. चंद्रकळा नेसून उभी आहे."

आप्पांनी पांढुरके डोळे तिच्याकडे वळवले. हात पुढे करून त्यांनी फोटोची चौकट चाचपली, मग तिचं मनगट धरलं. "शोभते का गं तुला?" त्यांनी विचारलं.

अंबूताईंनी फोटो हात लांब करून धरला, पुन्हा जवळ आणला आणि नीट निरखून बघितला.

"चांगली शोभते, आप्पा," त्या म्हणाल्या.